तीन म्हणाल तर फसाल!

ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. चर्चच्या लेखी ते चक्क पाखंड! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, देव मात्र एकच, हे त्रैक्य. तिघांना सुटंसुटं मोजलं, की झाला त्रिदेववाद.

या मोजणीत भलेभले अडकले. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा योहान फिलोपोनस घ्या. जड आणि हलकी वस्तू वरून सोडली तर जवळपास एकदमच खाली पोचतात, हे त्याने गॅलिलिओच्या हजार वर्षं आधी लिहून ठेवलं. ॲरिस्टॉटलच्या चुका काढल्या ते खपून गेलं; त्रैक्याला तर्क लावला ते नाही. 680-81च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मपरिषदेने त्याचा धिक्कार केला, तोवर त्याला जाऊन शतक उलटलं होतं.

फ्रान्समधला किस्सा तर नाटकात शोभेल. तत्त्वज्ञ रोसेलिनवर तीन देव सांगितल्याचा ठपका आला तो 1092च्या सुमारास, सोआसों गावच्या परिषदेत. त्याचाच शिष्य आबेलार याने गुरूचं खंडन करणारा ग्रंथ लिहिला. बक्षीस काय? 1121 साली त्याच सोआसोंत तो ग्रंथ त्याला स्वतःच्या हाताने आगीत टाकावा लागला. वर गावकरी दगड घेऊन तयार, कारण आवई उठली होती, ‘हा तीन देव शिकवतो!’

फादर थॉमस स्टीफन्स हुशार निघाले. या इंग्रज जेझुइटांनी वादापेक्षा ओवी पसंत केली. त्यांचं सुमारे 11 हजार ओव्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोलला छापलं गेलं.

पण वाद पुढेही टळला नाही. कोकणात सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटला 1823 साली स्कॉटिश मिशनरी आले. मिशनऱ्यांना उत्तर देणाराही जवळचाच निघाला: आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी 1857 साली मुंबईच्या चौपाटीवर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्या वादाचं पुस्तकही निघालं.

युरोपात काही चित्रकारांनी त्रैक्य एका डोक्यावर तीन चेहरे काढून दाखवलं. पोप आठवे अर्बन यांनी 1628 साली अशा चित्रांवर बंदी घातली. आपल्या घारापुरीत मात्र तीन मुखांची भव्य मूर्ती दिमाखात उभी आहे आणि लोक तिला सर्रास ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात. पुढच्या खेपेला सोबत्यांना जरूर सांगा: तिन्ही मुखं एकट्या शिवाचीच आहेत.