परदेशी अभ्यासदौऱ्याची पूर्वतयारी व खर्चाचा अंदाज

परदेशातील शेती प्रत्यक्ष पाहून यावी, अशी इच्छा आता केवळ मोठ्या बागाईतदारांपुरती राहिलेली नाही. राज्याच्या कृषि खात्यामार्फत शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे देशाबाहेर नेण्याची योजना राबविली जाते व तीत खर्चाचा काही भाग शासन सोसते. खाजगी सहल कंपन्याही केवळ शेतकऱ्यांसाठी दौरे काढू लागल्या आहेत. मात्र अशा दौऱ्यास निघणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांची तयारी बॅग भरण्यापलीकडे जात नाही. पैसे किती लागतील, कोठून आणावयाचे, मागे शेत कोणी पाहावयाचे आणि परत येताना काय शिकून यावयाचे, या प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वीच तयार असली पाहिजेत. प्रस्तुत लेखात नेदरलँड्स म्हणजे हॉलंड या देशाचा सुमारे ९ दिवसांचा दौरा उदाहरणादाखल घेऊन ही तयारी कशी करावी, ते सांगितले आहे.

हॉलंडच का?

हा देश महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढा आहे आणि त्यातील जवळजवळ चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. असे असूनही फुले, भाजीपाला, बटाट्याचे बियाणे आणि दुग्धजन्य पदार्थ यांच्या निर्यातीत त्याचे स्थान फार वरचे आहे. आल्समीर येथील फुलांचा लिलाव, वेस्टलँड भागातील काचगृहे आणि वागेनिंगन येथील कृषि विद्यापीठ ही तीन ठिकाणे अभ्यासूंनी पाहण्यासारखी आहेत. वागेनिंगनच्या शेतीशिक्षणाची सुरुवात १८७६ साली झाली. आपल्या मावळातील गुलाब उत्पादकांना डच वाण परिचित आहेत. ते वाण जेथे तयार होतात व विकले जातात, तो व्यवहार समक्ष पाहण्यात निश्चितच लाभ आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

ट्यूलिपच्या बागा मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत फुललेल्या असतात, म्हणून बहुतेक सहली याच काळात निघतात. परंतु हा हंगाम आपल्या सर्वच शेतकऱ्यांस सोयीचा नाही. द्राक्ष बागाईतदाराची खरड छाटणी एप्रिलमध्ये येते व उन्हाळी कांद्याची काढणीही त्याच सुमारास चालू असते. लिलाव आणि काचगृहे वर्षभर चालतात. तेव्हा केवळ ट्यूलिपसाठी छाटणी दुसऱ्यावर सोपविणे हा तोट्याचा सौदा होय. ज्या गावात एकाच पिकाचे शेतकरी अधिक आहेत, तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या पिकाच्या विश्रांतीचा काळ पाहून दौऱ्याची तारीख सुचवावी.

कागदपत्रे

पहिले काम पारपत्राचे. ३६ पानी साध्या पारपत्राचे शुल्क १,५०० रुपये आहे. पारपत्रावरील नाव, आधारपत्रावरील नाव आणि सात-बारावरील नाव यांत तफावत असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी. एकावर आडनाव प्रथम व दुसऱ्यावर शेवटी, एकावर वडिलांचे नाव व दुसऱ्यावर ते नाही, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी अर्ज अडून राहतात.

दुसरे काम व्हिशाचे. हॉलंड हा युरोपातील शेंगेन राष्ट्रगटात असल्याने त्या गटाचे नियम लागू होतात. पारपत्र १० वर्षांच्या आत दिलेले असावे, परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने त्याची मुदत शिल्लक असावी आणि त्यात किमान २ कोरी पाने असावीत. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिशाचे शुल्क ९० युरो आहे. अर्ज प्रवासापूर्वी ६ महिन्यांपर्यंत आधी करता येतो व निर्णयास साधारणतः १५ दिवस लागतात. क्वचित ४५ दिवसही लागतात. म्हणून निदान अडीच-तीन महिने हाताशी ठेवून अर्ज करणे इष्ट होय. अर्जदारास बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः हजर राहावे लागते.

नोकरदाराजवळ पगारपत्रक असते, तसे शेतकऱ्याजवळ नसते. म्हणून उत्पन्नाचा पुरावा काळजीपूर्वक जमवावा. सात-बारा, आठ-अ, बाजार समितीच्या विक्रीपट्ट्या, साखर कारखान्याची ऊसबिले, दूध संघाची बिले आणि बँकेचे गेल्या ६ महिन्यांचे खातेउतारे एकत्र करावेत. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी मोठी रक्कम आणून खात्यावर दाखविणे हे संशयास कारण होते. त्यापेक्षा हंगामाचे पैसे वर्षभर नियमितपणे खात्यावरच घेणे चांगले.

खर्चाचा अंदाज

सहलीचा आकार म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून असाच तक्ता तयार करावा. हिशेबाच्या सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरला आहे.

१. सहलीचा आकार, करांसह : ३,००,००० रुपये
२. पारपत्र, छायाचित्रे व भाषांतर : ५,००० रुपये
३. गाव ते मुंबई अशा फेऱ्या : ६,००० रुपये
४. गरम कपडे, बूट व बॅग : १२,००० रुपये
५. वैद्यकीय तपासणी व औषधे : ४,००० रुपये
६. हातखर्च, रोज २० युरोप्रमाणे ९ दिवस : १८,००० रुपये
७. मागे शेतावर बदली मजूर व देखरेख : १५,००० रुपये
एकूण : ३,६०,००० रुपये
अडीअडचणीसाठी राखीव, दहा टक्के : ३६,००० रुपये
सर्व मिळून : ३,९६,००० रुपये

यात १ लाख रुपये अनुदान मिळेल असे धरले, तरी स्वतःच्या पदरचे २,९६,००० रुपये राहतात. ही रक्कम ४ हंगामांत साठवावयाची म्हटल्यास दर हंगामास ७४,००० रुपये बाजूस काढावे लागतील. ज्यास हे शक्य आहे, त्याने दोन वर्षांची तयारी करून जावे. ज्यास शक्य नाही, त्याने पीककर्जाचा पैसा या कामी वळवू नये किंवा दुभते जनावर विकू नये. पीककर्ज बियाणे व खतासाठी असते. ते सहलीत खर्च झाले, तर पुढील हंगामात सावकाराचे दार ठोठावण्याची पाळी येते. अशा शेतकऱ्याने एखादे कृषि विद्यापीठ, कृषि विज्ञान केंद्र किंवा परराज्यातील चांगली शेती प्रथम पाहावी. शिकण्यासाठी समुद्र ओलांडलाच पाहिजे, असे मुळीच नाही.

अनुदानाची मर्यादा, पात्रतेच्या अटी आणि देशांची यादी शासनाच्या त्या त्या वर्षीच्या सूचनांप्रमाणे ठरते. त्याची चौकशी तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कार्यालयातच करावी. दलालाच्या तोंडी बोलण्यावर विसंबू नये. अनुदान दौऱ्यापूर्वी मिळणार की नंतर, हेही विचारून घ्यावे. कारण नंतर मिळणार असेल, तर तेवढी रक्कमही प्रथम स्वतःच उभी करावी लागेल.

परदेश सहलीच्या रकमेवर सहल कंपनी आयकर कायद्यान्वये कर गोळा करते व तो शासनाकडे भरते. ज्याचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे, त्यास आयकराचे विवरणपत्र भरून हा पैसा परत मागता येतो. यासाठी कंपनीस आपला पॅन क्रमांक द्यावा आणि कर गोळा केल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. पुष्कळांस हे ठाऊक नसल्याने हक्काचे पैसे तसेच पडून राहतात.

सहल कंपनीस विचारावयाचे प्रश्न

रक्कम भरण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात : व्हिसा, विमा, दोन्ही वेळचे जेवण व प्रवेशशुल्क आकारात धरले आहे काय? निवास एका खोलीत किती जणांचा? सोबत मराठी किंवा हिंदी जाणणारा मार्गदर्शक व शेतीविषयक दुभाषी आहे काय? व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ९ दिवसांपैकी शेती पाहण्याचे तास किती? दिवसभर बसमधून हिंडून सायंकाळी अर्धा तास एखादे काचगृह दाखविले जात असेल, तर त्यास अभ्यासदौरा म्हणता येणार नाही.

सामान व आरोग्य

हॉलंडमध्ये एप्रिलातही थंडी, वारा व पाऊस असतो. जाड स्वेटर, पावसाळी कोट आणि सवयीचे झालेले बूट न्यावेत. कोरे बूट घालून निघू नये. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत. अडकित्ता, चाकू, कात्री यांसारख्या वस्तू हातातील सामानात चालत नाहीत. तिकडची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. मात्र खोबणी दोन गोल खिळ्यांच्या असतात. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते, म्हणून पाण्याच्या बाटल्यांवर युरो घालविण्याचे कारण नाही. संकटसमयी ११२ हा क्रमांक तेथेही चालतो.

कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा न्यावा; पण तूप, पेढे, खवा, सुके मटण यांसारखे दुधाचे व मांसाचे पदार्थ युरोपात नेण्यास प्रवाशांना बंदी आहे. याचे कारण जनावरांचे रोग होय. २००१ साली हॉलंडमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली, तेव्हा अडीच लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. २०२५ मध्ये जर्मनी, हंगेरी व स्लोव्हाकिया येथे हा रोग पुन्हा आढळला. आपल्या गोठ्यात वापरलेले बूट व कपडे तेथे मुळीच नेऊ नयेत आणि गोठा पाहण्यापूर्वी यजमानाचे नियम विचारून घ्यावेत.

बियाणे आणू नये

परत येताना ट्यूलिपचे कंद किंवा टोमॅटोचे बी खिशातून आणण्याचा मोह अनेकांस होतो. आयातीचा परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र यांवाचून असे बियाणे आणणे हा कायद्याचा भंग आहे. याहून मोठा धोका शेताला आहे. गाजर गवताची भारतातील नोंद १९५६ साली पुण्याहून प्रसिद्ध झाली. आज ते तण देशभर पसरले आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली. बाहेरून आलेली कीड एकदा शिरली की तिला परत पाठविता येत नाही. एका मुठीतील बियाण्याची किंमत मग सर्व गावास मोजावी लागेल.

काय पाहावे?

निघण्यापूर्वी प्रत्येकाने एका वहीत आपल्या शेताची माहिती लिहावी : माती व पाणी परीक्षणाचे आकडे, एकरी उत्पादन, एकरी खर्च, मजुरी, मिळालेला भाव. ही माहिती जवळ असेल, तरच तुलना करता येते. त्याखाली आपले दहा प्रश्न लिहावेत.

आल्समीरचा लिलाव पहाटे सुरू होतो. तेथे भाव वरून खाली उतरत जातो आणि जो खरेदीदार प्रथम थांबवितो, त्यास माल मिळतो. आता पुष्कळसे खरेदीदार दूर बसूनच बोली लावतात. आपल्या बाजार समितीत भाव खालून वर चढतो. या दोन्ही पद्धतींत वेळ किती लागतो व मालाची प्रतवारी कशी लावली जाते, ते नीट पाहावे. लिलावाची ही संस्था उत्पादकांचीच सहकारी संस्था आहे, हेही विसरू नये. सहकार आपणांस नवा नाही; प्रतवारीची शिस्त मात्र शिकण्यासारखी आहे.

काचगृहांत पाण्याचा पुनर्वापर, परागीभवनासाठी भुंगमाशांच्या पेट्या आणि किडींवर मित्रकीटकांचा वापर यांकडे लक्ष द्यावे. काचगृहाच्या भव्यतेने मात्र भारून जाऊ नये. थंड देशातील काचगृह उष्णता आत कोंडण्यासाठी उभारलेले असते. आपल्याकडे प्रश्न उष्णता बाहेर घालविण्याचा आहे. म्हणून ते जसेच्या तसे कर्ज काढून येथे उभारणे धोक्याचे ठरेल. आपणांस नैसर्गिक वायुवीजनाचे पॉलिहाऊस किंवा शेडनेटच अधिक उपयुक्त आहे. तेथून पद्धत आणावी, सांगाडा नव्हे.

परतल्यानंतर

गटाने निघण्यापूर्वीच कामे वाटून घ्यावीत. एकाने हिशेब, एकाने टिपणे, एकाने छायाचित्रे व एकाने सर्वांची औषधे सांभाळावीत. रोज रात्री अर्धा तास एकत्र बसून दिवसभराच्या टिपणांची उजळणी करावी. परतल्यावर १५ दिवसांत गावसभेत हकिकत सांगावी आणि प्रत्येकाने एकच गोष्ट निवडून ती प्रथम आपल्या शेतातील एक-दोन गुंठ्यांवर करून पाहावी. त्याचा खर्च व उत्पन्न लिहून ठेवावे आणि शेजाऱ्यांस दाखवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा प्रयोगाची नोंद ठेवून पुढील हंगामात त्यावर चर्चा घडवून आणावी.

शासनाने दिलेले अनुदान हा सर्व शेतकऱ्यांचा पैसा आहे. जो एक जातो, तो मागे राहिलेल्या शंभरांच्या वतीने जातो. पाहिलेले ज्ञान त्या शंभरांच्या बांधापर्यंत पोहोचले, तरच दौरा सार्थकी लागला, असे म्हणता येईल.