मातृसंस्था नसलेला डॉक्टर

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या माझ्यासारख्याला प्रथम ३०० गुणांच्या चाळणी परीक्षेत निम्मे गुण मिळवावे लागतात. मग आंतरवासिता, त्यानंतर ‘नीट-पीजी’. तरीही शल्यचिकित्सेची जागा दूरच राहते.

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील अधिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. राज्य कोट्यात संस्थेच्या स्वतःच्या पदवीधरांना वाजवी प्राधान्य मात्र मान्य केले. उर्वरित जागा अखिल भारतीय गुणवत्तेनेच भरायच्या आहेत. हा निर्णय मला न्याय्य वाटतो. परंतु ‘वाजवी’ म्हणजे किती? भारतात मातृसंस्थाच नसलेल्यासाठी ते प्राधान्य जितके विस्तारेल, तितकी स्पर्धा आक्रसेल. म्हणून राज्यांनी ही मर्यादा कमीत कमी ठेवावी आणि समुपदेशनापूर्वीच जाहीर करावी.