पंगत, कीर्तन आणि पंच कमिटी

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एका पंथाला सगळं मिशनऱ्यांच्या वार्षिक अहवालांत सापडतं: बाप्तिस्मे किती, शाळा किती, दवाखाने किती. दुसऱ्याला ते ठरावांत आणि घटनेच्या कलमांत सापडतं. दोन्हींकडे माझे स्नेही आहेत आणि दोन्हींशी माझं जुनं भांडण आहे. मंडळीत प्रीती होती की नव्हती हे बघायचं असेल, तर माणसं कुणाच्या शेजारी जेवायला बसली आणि भांडण झाल्यावर पुन्हा केव्हा बसली एवढं विचारावं. ते अहवालात येत नाही, कारण अहवाल लिहिणारा साहेब बहुधा टेबलावर जेवत असे.

करिंथच्या मंडळीवर पौल संतापला तो पंगतीवरूनच. खातेपिते लोक आधी येऊन जेवून घेत आणि राबणारे येईपर्यंत भांडी रिकामी होत. आपल्याकडे हाच प्रश्न जातीच्या रूपानं आला. अमेरिकन मराठी मिशनचं नगरला ठाणं पडलं १८३१ साली, पहिली मंडळी उभी राहिली १८३३ साली. १८३९मध्ये हरिपंत खिस्तींसारखे ब्राह्मण आले. पुढे खेड्यापाड्यांतून महार आणि मांग कुटुंबं मोठ्या संख्येनं आली. या सगळ्यांना प्रभुभोजनाच्या एकाच मेजासमोर बसायचं होतं. गावानं वाळीत टाकणं, पाणवठा बंद करणं हे त्यांनी सोसलं, त्याच्या कहाण्या आपण अभिमानानं सांगतो. पण देवळाच्या आत शेजाऱ्याच्या हातचा प्याला ओठांना लावणं त्याहून अवघड होतं, आणि त्याच्या कहाण्या आपण सांगत नाही. प्याला एक झाला. सोयरीक व्हायला फार वेळ लागला, आणि काही ठिकाणी ती अजून व्हायची आहे. लग्नपत्रिकेवर क्रूस छापायचा आणि स्थळ बघताना मूळ गाव विचारायचं, हा उद्योग मी माझ्या नात्यागोत्यात आजही बघतो.

जालन्याचे नारायण शेषाद्री मला म्हणूनच मोठे वाटतात. स्कॉटिश मिशनचे, जन्मानं ब्राह्मण, इंग्रजीत वाकबगार. मुंबईत मानानं राहू शकले असते. त्यांनी निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं आणि मांग-महार कुटुंबांबरोबर आयुष्य काढलं. चर्च-ऐक्याचा इतिहास मी एका वाक्यात संपवतो: वाटाघाटी दशकानुदशकं चालल्या, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आणि त्यानंतर नगर जिल्ह्यातल्या किती घरांत चुलीपर्यंतचं जाणंयेणं सुरू झालं हे कुणी मोजलं नाही.

केडगावला मात्र जरा थांबायला हवं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा ब्राह्मण विधवांना तिथे आपापले आचार पाळायची मोकळीक होती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी मुलींना घेऊन आल्या. मग सगळा जमाखर्चच बदलला. शेकडो मुली, अनेक जाती, अनेक बोल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेत त्यांचं, छापखाना त्यांचा, स्वयंपाकघर त्यांचं. बाहेरच्या जगानं ज्यांना पतित ठरवून टाकलं त्यांच्यासाठी कृपासदन, म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीतीसदन, अंधांसाठी बार्तिमी सदन. तिथे शिकवण्यासाठी रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकली. मुक्तीतल्या १९०५च्या धार्मिक जागृतीबद्दल, त्या रात्ररात्र चाललेल्या प्रार्थनांबद्दल, परदेशात ग्रंथ लिहिले गेले आहेत. लिहिणाऱ्यांना रडणं आणि अन्य भाषांत बोलणं दिसलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तितक्या जणींचं पीठ कुणी दळलं हे फारसं दिसलं नाही. रमाबाईंना आपल्यात ओढायला प्रत्येक पंथ टपलेला होता, आणि त्या कुणाच्याच झाल्या नाहीत. इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही तिथल्या धर्मभगिनींशी त्या पत्रांतून कडाक्याच्या भांडल्या. भांडूनही पत्रव्यवहार तोडला नाही, ही गोष्ट आमच्या आजच्या कमिट्यांनी बघावी.

आता माझ्या आवडीच्या मुक्कामाला येतो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या आणि मग नवऱ्याकडे आल्या त्या सोवळं घेऊनच. ख्रिस्ती घरात वेगळी चूल, वेगळं पाणी. टिळकांनी आणि मंडळीतल्या लोकांनी तो प्रकार चालू दिला, यातली गंमत ध्यानात घ्या. कुणी त्यांना ओढून पंगतीला बसवलं नाही. जात देवानं केली की माणसानं, याचा विचार त्यांनी स्वतःच करून टाकला आणि एके दिवशी सोवळं सुटलं. बाप्तिस्मा १९०० साली. मग राहुरीला दुष्काळातली पोरकी मुलं घरात आली. कुणाच्या अंगावर खरूज, कुणाला खाण्याचा धीर नाही. कालपर्यंत दुसऱ्याच्या सावलीचा विटाळ मानणारी बाई त्यांना न्हाऊमाखू घालू लागली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ सगळ्यांनी वाचली आहेत, सांगायला नको. पण त्या पुस्तकाला विनोदी आत्मचरित्र म्हणून डोक्यावर घेणारे आमचे समीक्षक ही बाजू हसण्यावारी नेतात. पुढे टिळकांच्या नगरच्या घरात बालकवी ठोमरे येऊन राहिले. त्यांनी ख्रिस्ती व्हावं म्हणून कुणी त्यांच्या मागे लागलं नाही. घरात कविता होती, भाकरी होती, आणि लक्ष्मीबाईंची जीभ होती.

एका अभ्यासकांचा आक्षेप मी अनेक चर्चासत्रांत ऐकला आहे: टिळक आणि रमाबाई यांनाच मोठं करणं म्हणजे ख्रिस्ती मंडळीतही ब्राह्मणांचीच आरती ओवाळणं. आक्षेपात तथ्य आहे. नगर, जालना, सोलापूरकडच्या मंडळ्या ज्यांनी उभ्या केल्या त्या बहुतेकांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवलेली नाहीत. पण हे गृहस्थ कीर्तनाला कधी बसले नसावेत. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी टिळकांच्या आधी ख्रिस्ती पदं रचून कीर्तनाची वाट पाडली, टिळकांनी ती रुंद केली. कीर्तनकार उभा असतो, पण ध्रुवपद धरतात ते समोरचे लोक, आणि ते लोक ज्वारीच्या शिवारातून आलेले असतात. लिहितावाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या टिळकांची पदं पुस्तकाशिवाय म्हणत. मी त्यांच्यात बसून शिकलो. घोंगडीवर बसलं की गुडघ्याला गुडघा लागतो. बाकावर माणूस आपली जागा ठरवून घेतो आणि पुढे त्याचा नातूही तिथेच बसतो.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा. मिशनमधल्या पुष्कळांना हा वेडाचार वाटला. १९१९मध्ये टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे टिळकांचं अपुरं काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. दरबार पुढे नेणारं कुणी निघालं नाही. मी तरुणपणी या विषयावर लिहिलं तेव्हा एका ज्येष्ठ पाळकांनी मला पत्र पाठवलं होतं: पगार सोडल्याशिवाय दरबार होत नाही, आणि तुम्ही तर प्राध्यापक आहात. त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

वसईच्या कॅथलिकांनी रागावू नये, त्यांच्यासाठी वेगळा लेख लागेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा मराठीत आली आणि ‘सुवार्ता’ मासिकानं एक पिढी लिहिती केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ दिलं आणि हरित वसईसाठी सगळ्या धर्मांच्या लोकांना एका मंडपात बसवलं. माझ्या हिशेबात ही पंगतच.

नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याकडे माझं लहानपण गेलं. तिथल्या दोन रीतींबद्दल लिहितो, कारण त्या कुठल्याही मंडळीच्या घटनेत नाहीत. पहिली कापणीच्या सणाची. ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी देवळात यायची आणि उपासना संपली की लिलाव. एखादी विधवा एकच अंडं घेऊन येई. ते एकानं घ्यायचं, पैसे टाकायचे आणि अंडं परत पुढे ठेवायचं. मग दुसऱ्यानं घ्यायचं. कधीकधी त्या अंड्याची रक्कम शेठजीच्या पोत्याच्या वर जायची. बाईला कुणी काही बोलत नसे, तिच्याकडे बघतही नसे. हिशेबाच्या वहीत मात्र तिचं नाव वरच्या ओळीत यायचं.

दुसरी प्रभुभोजनाच्या आधीच्या तयारीच्या सभेची. शुक्रवारी संध्याकाळी जमायचं आणि कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते निस्तरायचं. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे डोंगरावरच्या प्रवचनातलं सांगणं त्या लोकांनी शब्दशः घेतलं होतं. बांधावरून दोन भावबंदांचं बिनसलेलं असे. पाळक एकाकडे जेवत आणि दुसऱ्याकडे चहा घेत. पाळकीणबाई मागच्या दारानं बायकांशी बोलत, आणि खरा समेट बहुधा तिथेच ठरे. बांधाचा निकाल लागत नसे. तो तलाठ्याचा प्रांत. पण रविवारी दोघं एका सतरंजीवर येत, आणि सोमवारी पुन्हा मोजणीचा अर्ज करत. शहरातल्या एका मित्राला हा ढोंगीपणा वाटला. मला नाही वाटत. दावा चालू असताना एका ताटात जेवणं फार थोड्यांना जमतं.

आजचं काय सांगावं? तयारीची सभा कधी बंद पडली कुणालाच आठवत नाही. तिच्या जागी पंच कमिटीच्या निवडणुका आल्या, आणि निवडणुकांच्या मागे वकील. मिशनच्या जमिनींचे दावे वर्षानुवर्षं चालतात. वादी आणि प्रतिवादी एकाच ‘उपासना संगीता’तून गातात, फक्त वेगवेगळ्या वेळी. प्रीतिभोजन आता केटररचं. हातात प्लेट घेऊन उभ्यानं खायचं, ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडे पाठ करता येते. कीर्तनाच्या जागी कीबोर्ड आणि पडदा. पडद्यावर शब्द येतात म्हणून पाठ कुणालाच नाहीत, वीज गेली की मंडळी मुकी.

ज्या नव्या स्वतंत्र मंडळ्यांच्या भोंग्यांना आम्ही जुने लोक नावं ठेवतो, त्यांचीही एक गोष्ट लिहायला हवी. गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एका म्हातारीला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. दवाखान्यात डबा आणि चादर घेऊन आली ती त्या नव्या मंडळीतली दोन पोरं, आणि म्हातारी त्यांच्या मंडळीची नव्हती. त्यांचं ईश्वरविज्ञान कच्चं आहे हे मी आजही म्हणतो. पोरं सकाळपर्यंत थांबली होती.

यंदा कापणीच्या सणाला केटरर नको, असा ठराव आमच्या पाळकीणबाईंनी मांडला. सभा लांबली, आवाज चढले, शेवटी तो एका मताच्या फरकानं मंजूर झाला. विरोधात मत देणारे आमचे खजिनदार आता भाकऱ्यांची जबाबदारी घेऊन बसले आहेत. ज्वारी कुणाच्या शेतातली आणि कुठल्या भावानं घ्यायची, यावर सध्या रोज संध्याकाळी दोन्ही गट जमून वाद घालतात. मध्यंतरात चहा असतो, आणि तो घरटी पाळीनं येतो.