अवयवांची जुळणी : गुण मोजायचे की फरक?

१९५४च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात बसवले आणि ते टिकले. दोघे एकसारखे जुळे असल्याने रोग्याच्या प्रतिकारशक्तीला त्या अवयवात परके काही सापडलेच नाही. इतरांच्या बाबतीत हे परकेपण ठरते कशावरून, याचा पहिला धागा १९५८मध्ये ज्याँ दोसे यांना पांढऱ्या पेशींवर मिळाला. तो एचएलए प्रतिजन होता. असे प्रतिजन घडवणाऱ्या, सहाव्या गुणसूत्रावरील जनुकांइतके वैविध्य माणसाच्या इतर जनुकांत क्वचितच आढळते. त्यांची चाळीस हजारांहून अधिक रूपे नोंदली गेली आहेत.

मूत्रपिंडाच्या जुळणीचा रूढ हिशेब मात्र या वैविध्याला सहा गुणांत कोंबतो : ए, बी आणि डीआर या जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रतींपैकी किती जुळल्या? सख्ख्या भावंडांत सहाही जुळण्याची शक्यता साधारण चारात एक. हा हिशेब आता बदलायला हवा, असे मला ठामपणे वाटते. शून्य गुण मिळालेले दोन दाते सारखेच परके नसतात. एकाची प्रथिने रुग्णाच्या प्रथिनांहून मोजक्या अमिनो आम्लांनी वेगळी असतील, दुसऱ्याची कितीतरी अधिक. प्रतिपिंड चिकटते ते प्रथिनाच्या पृष्ठभागावरच्या छोट्या जागेला. अशा जागांना ‘एपलेट’ म्हणतात आणि जनुकांची रूपे अचूक वाचली की त्या मोजता येतात. डीआर व डीक्यू या जनुकांत हे फरक जितके जास्त, तितका नव्या अवयवाविरुद्ध पुढे प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका जास्त, असे अभ्यासांत दिसले आहे. अशी नवी प्रतिपिंडे बहुतेकदा डीक्यूविरुद्धच असतात आणि सहा गुणांच्या हिशेबात डीक्यूला जागाच नाही.

यावर पहिला आक्षेप प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसमुळे कमी जुळणीचे अवयवही वर्षानुवर्षे चालतात, हे खरेच. पण ही औषधे जंतुसंसर्ग आणि कर्करोगाचा धोका वाढवतात, शिवाय मूत्रपिंडालाही इजा करतात. फरक आधीच कळला, तर कोणाला किती औषध द्यायचे हे अधिक विचारपूर्वक ठरवता येईल. दुसरा आक्षेप वेळेचा : मृत दात्याचे मूत्रपिंड फार काळ बाहेर ठेवता येत नाही. तिथे जलद चाचणीवर भागवावे लागेल. पण भारतात बहुसंख्य मूत्रपिंडे जिवंत दात्यांची असतात आणि तिथे सविस्तर तपासणीला उसंत मिळते.

तिसरा आक्षेप न्यायाचा आणि तो सर्वांत वजनदार आहे. जुळणीला प्राधान्य दिल्याने कृष्णवर्णीय रुग्ण मागे पडतात, हे लक्षात आल्यावर अमेरिकेने २००३मध्ये मूत्रपिंडवाटपातून एचएलए-बीचे गुण काढून टाकले. जनुकांचे अचूक वाचनही या जनुकांच्या रूपांच्या पक्षपाती नोंदींवर उभे राहिले, तर तोच अन्याय अधिक बारकाईने होईल. आजच्या नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा आहे, तर जातीअंतर्गत विवाहांच्या दीर्घ परंपरेमुळे भारतातल्या समूहांची जनुकीय घडण वेगवेगळी राहिली आहे. म्हणून नव्या हिशेबाची पहिली अट यंत्रे नव्हेत, तर आपल्या सर्व समूहांच्या नोंदी ही आहे. ती पुरी केल्याशिवाय या पद्धतीने प्रतीक्षायादीतला क्रम ठरवू नये. आणि ती पुरी करायला आता उशीरही करू नये.