घरची गोष्ट आणि एचआरचं टेबल

"पूर्वी कंपनी म्हणजे कुटुंब होतं, एचआर आलं आणि माणुसकी गेली."

त्या कुटुंबाचा कर्ता कोण होता, ते आधी बघावं. मुंबईच्या गिरण्यांत नव्या माणसाला चिकटवणारा जॉबर. अडीनडीला उसने पैसे त्याच्याकडून, डोकं टेकायला जागा त्याच्या ओळखीने, गावाहून परतायला उशीर झाला तर पुन्हा कामावर घेणाराही तोच. बदल्यात दस्तुरी द्यायची. खाजगी अडचण त्याला कळली की माणूस त्याच्या मुठीत गेलाच. ब्रिटिश काळात कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात भरती जॉबरच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यायला सांगितलं, ते उगाच नव्हे. असं काम शास्त्रशुद्ध शिकवणारी संस्था, आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), मुंबईत 1936 साली निघाली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. आजचं एचआर याच वंशातलं. त्याचा कोरडेपणा खुपतो खरा. पण त्यातला निम्मा जॉबरशाहीवरचा उतारा आहे.

"एचआरला विश्वासात घेऊन सांगितलं की ते तिथेच राहतं."

एचआर तुमचा डॉक्टर नाही, वकीलही नाही. पगार त्याला कंपनी देते. वाईट हेतू नसला तरी तुमची गोष्ट रजेच्या मंजुरीबरोबर तुमच्या मॅनेजरपर्यंत जाऊ शकते. म्हणून सांगण्याआधी सरळ विचारावं, "हे कुणाकुणाला कळेल?" लैंगिक छळाची तक्रार मात्र वेगळी. ती 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जाते आणि तिथे नावं उघड करण्यास कायद्यानेच मनाई आहे. कंपनीने बाहेरची समुपदेशन सेवा लावली असेल, तर मनातलं तिथे बोलावं. किती जणांनी ती वापरली, एवढाच आकडा सहसा कंपनीकडे जातो. एचआरपुढे गोष्ट कमी आणि मागणी स्पष्ट असावी. "तीन महिने रात्रपाळी नको, हे डॉक्टरांचं पत्र" एवढं पुरतं. झोपेच्या गोळ्या का सुरू झाल्या, हे सांगायची गरज नाही.

"नवरा-बायकोच्या भांडणाशी कंपनीचा काय संबंध?"

कारखान्याच्या गेटवर पगाराच्या दिवशी उभं राहून बघावं. "साहेब, तो सगळा दारूत घालवतो, पगार माझ्या हातात द्या," असं म्हणणारी बाई एचआरला नवी नाही. आता पगार बँकेत जातो, म्हणून ती गेटऐवजी ऑफिसात येते. एचआरला कितीही वाटलं तरी पगार परस्पर तिला देता येत नाही. कायद्यात बसणारीच कपात करता येते. पण घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याच्या (2005) कलम 20 खाली दंडाधिकाऱ्यांनी ठरवलेली रक्कम नवऱ्याने दिली नाही, तर ते थेट मालकाला आदेश देऊ शकतात, की याच्या पगारातला अमुक हिस्सा हिला द्या किंवा कोर्टात भरा. मग मात्र कंपनीला हात झटकता येत नाहीत. त्या बाईला कॅन्टीनचा चहा पाजून परत पाठवण्यापेक्षा ही वाट दाखवणारा एचआर मला जास्त माणुसकीचा वाटतो. आणि छळ सोसणारी बाई स्वतःच कंपनीत कामाला असेल, तर तिच्या नवऱ्याने फोनवर "ती कुठल्या शिफ्टला आहे?" विचारल्यावर उत्तर न देणं, हे एचआरचं पहिलं काम.

"आजारपण, बाळंतपण निभावायचं तर एचआरची मेहरबानी हवी."

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत (दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन) असाल आणि वर्गणीची अट पूर्ण असेल, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो. पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क आहे. गर्भपात झाल्यास 6 आठवडे मिळतात, हे तर अनेकींना कुणी सांगतच नाही. यात एचआरचं काम कागद नीट पुढे सरकवण्याचं.

"लग्न झालं, ते एचआरला कशाला कळवायचं?"

कारण लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरतं आणि नवं करावं लागतं. आईचं नाव घालून दहा वर्षं निर्धास्त राहिलेले कितीतरी आहेत. ई-नॉमिनेशन घरबसल्या होतं. गट विम्यात जोडीदाराचं नाव घालायला मात्र एचआरकडे जावंच लागतं, आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी महिनाभराचीच असते.