वर्ध्याच्या मातीतील परमुलखाची नाणी : एक मागोवा

नाणे ज्या राजाच्या टांकसाळीत पाडले जाते त्याच्या राज्याच्या सीमेपाशी ते थांबत नाही. व्यापारी, सैनिक, यात्रेकरू आणि लग्नसंबंधांच्या वाटेने ते दूरच्या मुलखात पोहोचते आणि तेथे सापडले की त्या दोन मुलखांमधील नात्याचा पुरावा ठरते. वर्धा जिल्ह्यात धाम नदीच्या काठी वसलेल्या पवनार या गावाने अशा पुराव्यांची मोठी भर घातली आहे. गेल्या सुमारे साठ वर्षांत येथून आणि शेजारच्या स्थळांवरून उजेडात आलेल्या नाण्यांचा मागोवा घेतला असता असे दिसते की, प्राचीन विदर्भाच्या इतिहासातील काही रिकाम्या जागा ताम्रपटांपेक्षा तांब्याच्या किरकोळ तुकड्यांनी भरून काढल्या, आणि त्या तुकड्यांना बोलते करण्यात विद्यापीठांतील अभ्यासकांइतकाच छंद म्हणून नाणी जमवणाऱ्यांचा वाटा राहिला.

विदर्भात या कामाचा पाया महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी घातला. १९३९ साली आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहन राजांच्या सुमारे १६०० नाण्यांचा निधी, म्हणजे एकाच ठिकाणी पुरून ठेवलेला संचय, सापडला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांब्यात शिसे व कथील मिसळून केलेल्या हिणकस धातूची होती. तरीही मिराशींनी त्यांवरील अक्षरे चिकाटीने वाचली, तेव्हा पुराणांच्या वंशावळीत ज्यांचा उल्लेख नाही असे कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी यांसारखे राजे समोर आले. मोडीत गेली असती तर ज्यांना काही रुपयेही आले नसते, त्या नाण्यांनी एका राजवंशाची यादी दुरुस्त केली, आणि विदर्भातील पुढच्या संग्राहकांना हा धडा मोलाचा ठरला.

पवनारकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले ते आधी मूर्तींमुळे. विनोबा भावे १९३८ मध्ये पवनारला राहावयास आल्यानंतर आश्रमाच्या परिसरात खणताना प्राचीन शिल्पे मिळाली, त्यांतील भरतभेटीचे शिल्प विशेष प्रसिद्ध आहे. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असे मत मांडले. पुढे काही अभ्यासकांनी हा मान रामटेकजवळच्या मनसरला दिला असला, तरी पवनार हे वाकाटककालीन महत्त्वाचे नगर होते याबद्दल शंका राहिली नाही. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले, आणि त्यात विष्णुकुंडी वंशाच्या नाण्यांनी एक नवा प्रश्न पुढे ठेवला.

विष्णुकुंडी राजे आंध्रातील, कृष्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत सत्ता गाजवणारे. त्यांचे नाणे वर्ध्याच्या मातीत आले कसे? या नाण्याच्या पुढील बाजूवर पंजा उगारून, शेपटी वर वळवून उभा असलेला सिंह असतो, तर मागील बाजूवर घट आणि त्याच्या दोन्ही अंगांना दीपस्तंभ दिसतात. पुष्कळ नाण्यांचा गाभा लोखंडाचा असून वर तांब्याचे पातळ आवरण असते, त्यामुळे जमिनीतील ओलाव्याने आतला गंज फुगून आवरण फाटते आणि पाहणाऱ्याला नाणे प्रथमदर्शनी गंजलेल्या खिळ्याचा माथा वाटू शकते. या नाण्याच्या प्रवासाचे एक उत्तर ताम्रपटात मिळते, कारण चिक्कुल्ल येथील लेखात विष्णुकुंडी राजा पहिला विक्रमेंद्रवर्मा याला विष्णुकुंडी आणि वाकाटक या दोन्ही कुळांचे भूषण म्हटले आहे, म्हणजेच त्याची माता वाकाटक राजकन्या होती. सोयरिकीबरोबर माणसे आली, माणसांबरोबर देवघेव आली आणि देवघेवीबरोबर नाणी आली, असा अर्थ यातून काढता येतो. मात्र वाकाटक सत्ता खिळखिळी झाल्यावर विष्णुकुंडींचा प्रभाव या बाजूला वाढला, हा दुसरा अर्थही तितकाच शक्य आहे. या दोहोंतून निवड करायची तर नाणे उत्खननाच्या कोणत्या थरात, कोणत्या मृद्भांड्यांसोबत मिळाले याची नोंद हाती असावी लागते, आणि नेमकी हीच नोंद बाजारातून घेतलेल्या नाण्याला नसते.

पवनारच्या नाण्यांनी उलगडलेला दुसरा विषय याहून मोठा आहे. वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडलीच नाहीत, गुप्त सम्राटांची नाणी त्यांच्या राज्यात चालत असत, असे मत मिराशींसह बहुतेक अभ्यासकांनी दीर्घकाळ मान्य केले होते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी असल्याने आणि अचलपूर परिसरात कुमारगुप्ताची चांदीची नाणी मिळाल्याने ते सयुक्तिकही वाटत असे. पण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नागपूर व वर्धा भागातील संग्राहकांकडे पवनारसारख्या स्थळांवरून आलेली, शंख, चक्र, बैल अशी चिन्हे असलेली लहानशी तांब्याची नाणी जमू लागली. एकट्या संग्राहकाजवळ असलेले एखादे झिजलेले नाणे काहीच सिद्ध करीत नाही. तथापि संग्राहक एकत्र बसले, नाणी शेजारी शेजारी मांडली गेली आणि एकाच्या नाण्यावर पुसलेले चिन्ह दुसऱ्याच्या नाण्यावर शाबूत आढळले, तेव्हा त्यांचा एक स्वतंत्र गट असल्याचे स्पष्ट झाले. नागपूर विद्यापीठातील अजय मित्र शास्त्री यांच्यासारख्या अभ्यासकांनी या नाण्यांचा विचार केला आणि वाकाटकांच्या नाण्यांचा प्रश्न नव्याने खुला झाला. काही प्रकारांबाबत मतभेद आजही आहेत, परंतु वाकाटकांना नाणी नव्हती हे विधान आता कोणी बेधडकपणे करीत नाही.

नवे सापडलेले नाणे समव्यवसायी मंडळींपुढे मांडण्याची ही रीत भारतात जुनी आहे. १९१० साली अलाहाबादला न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर मुंबईचे फ्रामजी ठाणावाला यांच्यासारखे खासगी संग्राहकही होते. पुढे नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने महाराष्ट्रातील हौशी संग्राहकांना अभ्यासाची शिस्त लावली. नाण्याचे वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचे ठसे आणि प्राप्तिस्थान, म्हणजे ते मिळाल्याची नेमकी जागा, या पाच बाबी नोंदवल्याशिवाय नाणे जाहीर करू नये, हा त्या शिस्तीचा गाभा होय.

यांपैकी प्राप्तिस्थानाची नोंद सर्वांत आधी हरवते. पावसाळ्यानंतर नदीकाठी उघडे पडलेले नाणे वेचणाऱ्याकडून भंगारवाल्याकडे, तेथून शहरातील व्यापाऱ्याकडे आणि मग संग्राहकाकडे जाते, आणि प्रत्येक हातबदलात गावाचे नाव पुसट होत जाते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास मनाई केली आहे; हे नियम पाळले गेले तर शासनाचा हक्क सांभाळला जातोच, शिवाय नाण्याचा जन्मदाखलाही शाबूत राहतो.

आज वर्ध्यातील एखाद्या तरुणाने परदेशी नाणी जमवायला घेतली, तर त्याच्या हाती येणारे नाणे बहुधा धामेच्या वाळूतले नसते. सेवाग्राम पाहायला येणारे अभ्यागत, परदेशातून परतणारे नातेवाईक आणि संग्राहकांमधील अदलाबदल या त्याच्या वाटा आहेत. तरीही वाचनाची कसोटी तीच राहते. नेपाळच्या नाण्यावरील २०५१ हा विक्रम संवत असल्याने सुमारे ५७ वजा करून इसवी सन मिळवावा लागतो, थायलंडच्या नाण्यावर बुद्धशक असल्याने ५४३ वजा करावे लागतात, आणि जपानच्या नाण्यावर तर सम्राटाच्या राजवटीचे वर्ष असते, म्हणून हेइसेई १० म्हणजे १९९८ हे राजवटीचा आरंभ १९८९ मध्ये झाला हे ठाऊक असल्याशिवाय उमगत नाही. ब्रिटनच्या रॉयल मिंटने २०२१ मध्ये गांधीजींच्या स्मरणार्थ पाच पौंडांचे नाणे काढले आणि त्यावर कमळ कोरले. ज्या राजसत्तेविरुद्ध ‘चले जाव’ म्हणावे हा विचार १९४२ च्या जुलैत वर्ध्याच्या काँग्रेस कार्यसमितीत ठरावरूपाने पुढे आला, त्याच देशाचे हे नाणे वर्ध्याच्या संग्रहात असेल तर तोही दोन मुलखांच्या नात्याचा दस्तऐवजच ठरतो.

पवनारच्या साठ वर्षांतून निघणारा निष्कर्ष म्हणूनच संग्राहकाच्या रोजच्या व्यवहाराशी निगडित आहे. नाणे दुर्मिळ आहे की सामान्य, हे ठरवण्याआधी ते कोठून, कोणाकडून आणि केव्हा आले हे पाकिटावर लिहावे, आणि लिहिलेले इतरांपुढे ठेवावे. कारण विष्णुकुंडींच्या सिंहाला आणि वाकाटकांच्या चक्राला इतिहासात स्थान मिळाले ते कोणी नोंद ठेवली आणि कोणी नाणी दाखवली म्हणून. वर्धा जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांनी आणि संग्राहकांनी आपापल्या नाण्यांच्या अशा नोंदी आताच एकत्र केल्या, तर विदर्भाचे बाहेरच्या जगाशी असलेले संबंध शोधणाऱ्या पुढच्या अभ्यासकाला भक्कम आधार मिळेल.