आतड्याची भिंत आणि तिचा बंदोबस्त
(लेखांक सहावा)

औषधाने एचआयव्हीच्या विषाणूचे प्रजनन कसे थांबते, याचे विवेचन गेल्या लेखांकात झाले. परंतु मासवणहून बोईसर-पालघरकडे औषधासाठी जाणारा, गोळीत कधी खंड न पाडणारा आणि ज्याच्या अहवालात विषाणू आढळतच नाही असा नेकीचा रुग्णदेखील आतड्यात एक जुनी पडझड वागवीत असतो, हे औषध देणाऱ्या केंद्राच्या दप्तरात सहसा नोंदले जात नाही.

त्या दप्तरात सीडी४ पेशींचा आकडा असतो तो रक्तातला. वास्तविक शरीरातील लसिकापेशींचा, म्हणजे सीडी४ ज्यांत मोडतात त्या प्रतिकारपेशींचा, फार मोठा हिस्सा आतड्याच्या अस्तरालगत तैनात असतो. हे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असून दर चार-पाच दिवसांनी नवे होते. तेव्हा जे इतक्या त्वरेने नवे होते त्याची डागडुजी वर्षानुवर्षे का रेंगाळावी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे, की पेशींमधील सांधे घट्ट राखण्याचा आणि जंतुनाशक प्रथिने स्रवण्याचा हुकूम इंटरल्यूकिन-१७ व इंटरल्यूकिन-२२ या द्रव्यांमार्फत सुटतो, तो सोडणाऱ्यांत टीएच-१७ या सीडी४ पेशी प्रमुख, आणि नेमक्या त्याच विषाणूच्या तावडीत सहज सापडतात. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातला हा बंदोबस्त उठतो. रक्तातला आकडा धोक्याच्या पातळीला उतरायला मात्र अनेक वर्षे लागतात.

पुढे आतड्यातील जंतूंचे अवशेष रक्तात झिरपू लागतात. ब्रेंचली आणि डूएक प्रभृती संशोधकांनी २००६ साली, जंतूंच्या कवचातील लायपोपॉलिसॅकराइड हे द्रव्य दीर्घकाळच्या रुग्णांच्या रक्तात वाढलेले दाखवून दिले. या झिरपण्याने प्रतिकारसंस्था अहोरात्र चेतलेली राहते, आणि हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांना त्यातून खतपाणी मिळते. उलट आफ्रिकेतील सूटी मँगाबे नावाच्या माकडांच्या अंगात याच कुळातला विषाणू विपुल असूनही त्यांच्या टीएच-१७ पेशी शाबूत राहतात, आणि त्यांना एड्स सहसा होत नाही! विषाणूच्या केवळ संख्येवर भिस्त ठेवणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

औषध सुरू झाल्यावर या पेशी परततात, पण सावकाश आणि बहुधा अपुऱ्या. उपचार जितका लवकर, तितकी भरपाई अधिक. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषध मोफत मिळू लागले. परंतु प्रारंभी ते प्रामुख्याने सीडी४चा आकडा २०० च्या खाली गेलेल्यांना, म्हणजे आतड्याची नासधूस होऊन वर्षे लोटल्यावर, मिळे. निदान होताच औषध, हे धोरण २०१७ साली आले, आणि आतड्याच्या दृष्टीने पाहता मला ते पहिल्या निर्णयाइतकेच मोलाचे वाटते. तारापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या, भाड्याच्या खोलीत मिळेल ते पाणी पिणाऱ्या कामगाराला याखेरीज आणखी एक जाच असतो: दूषित पाण्याने वारंवार होणारी हगवण त्याच अस्तराला इजा करते, मग अंगात विषाणू असो वा नसो. अशा रुग्णाला पाणी उकळून प्यायला सांगणे हा उपचाराचाच भाग समजावा.

भिंत पूर्ववत करणारे खात्रीचे औषध अद्याप हाती नाही. उपकारक जंतूंच्या पुड्यांचे प्रयोग झाले, त्यांची फळे संमिश्र आहेत. हृदयाच्या बाबतीत मात्र २०२३ साली एका मोठ्या बहुराष्ट्रीय चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या गोळीने उपचाराधीन रुग्णांतील हृदयविकाराचे गंभीर प्रसंग सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. ही गोळी आतडे सांधत नाही. मग ती नेमके काय करते, ते पुढील लेखांकात.